अन्नाची ॲलर्जी आणि दातांची शस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिताना ‘एखाद्या पदार्थाची किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास ती डॉक्टरांना आधी सांगावी’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या वाक्यावर एवढी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. औषधाची ॲलर्जी सांगायला हवी हे सर्वांना मान्य आहे. परंतु बेदाणा, केळे, मटण किंवा लवंग यांचा दाढ काढण्याशी काय संबंध, ही शंका बहुतेक पत्रांत आहे. हा संबंध काही वेळा अगदी थेट असतो, काही वेळा आडवळणाने येतो, आणि काही वेळा तो मुळात नसतानाही वर्षानुवर्षे मानला गेलेला असतो. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत. उत्तरे वाचून कोणीही आपली औषधे परस्पर बदलू नयेत. कात्रण घेऊन आपल्या दंतवैद्यांशी बोलावे, एवढाच त्यांचा उपयोग आहे.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आणि बेदाण्याचे शेड आहे. मुलगा २६ वर्षांचा असून त्याला लहानपणापासून दमा आहे. वेलीवरची द्राक्षे तो हवी तेवढी खातो, पण बेदाणे खाल्ले की पाच-दहा मिनिटांत धाप लागते. एकदा वाइन घेतल्यावर फारच त्रास झाला होता. धुरी देण्याच्या दिवसांत तो शेडकडे फिरकतही नाही. खालची अक्कलदाढ आडवी असल्यामुळे ती कापून काढावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही हे सर्व सांगितल्यावर त्यांच्याकडील कागदावर ‘सल्फाची ॲलर्जी’ असे लिहिले गेले. ते बरोबर आहे का? भूल देताना काही धोका आहे का?
— एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ती नोंद चुकीची आहे, पुढच्या भेटीत ती आधी बदलून घ्या. सल्फा हा जंतुविरोधी औषधांचा एक गट आहे. बेदाण्यात, वाइनमध्ये आणि गंधकाच्या धुरात असतो तो सल्फर डायऑक्साइड किंवा त्याचे सल्फाइट क्षार. दोन्हींत गंधक असले तरी एकाचा त्रास होणाऱ्याला दुसऱ्याचा होईल, असे मुळीच नाही. ही नोंद तशीच राहिली, तर चिरंजीवांना उद्या गरजेच्या वेळी एक उपयोगी औषध नाकारले जाईल आणि ज्या घटकापासून खरोखर जपायचे आहे, तो मात्र कोणाच्या ध्यानीमनीही येणार नाही.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य ताज्या द्राक्षांविषयीचे आहे. द्राक्षे चालतात आणि बेदाणे चालत नाहीत, याचा अर्थ दोष फळाचा नसून त्यावरील प्रक्रियेचा असावा. बेदाण्याचा रंग उजळ राहावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात, वाइन टिकावी म्हणून तिच्यात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, आणि निर्यातीच्या पेटीत घडांवर अंथरला जाणारा ‘ग्रेप गार्ड’ कागदसुद्धा हाच वायू थोडा थोडा सोडत राहतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातील दमेकऱ्यांना याचा अनुभव शहरातल्या दमेकऱ्यांपेक्षा लवकर आला, तर नवल नाही. बाजारातील बंद पाकिटांवर आयएनएस २२० ते २२८ यांपैकी एखादा आकडा दिसला, तर तो याच कुटुंबातला समजावा. हा त्रास प्रामुख्याने दमा असलेल्यांना होतो, आणि दमा आटोक्यात नसेल तर अधिक होतो. त्वचेवरच्या नेहमीच्या ॲलर्जी-चाचणीत तो बहुधा सापडत नाही, त्यामुळे ‘चाचणीत काहीच आले नाही’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता दाढेकडे येऊ. दाढेच्या भुलेसाठी लिग्नोकेन हे औषध वापरतात आणि त्यात बहुतेक वेळा अल्पसे ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते. आपल्याकडे त्याचे प्रमाण १:८०,००० किंवा १:२,००,००० असते. ॲड्रेनॅलिनमुळे तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो आणि भूल बराच वेळ टिकते. मात्र ॲड्रेनॅलिन हवेतील ऑक्सिजनने लवकर खराब होते, म्हणून त्याच्यासोबत सोडियम मेटाबायसल्फाइट घालावे लागते. कार्ट्रिजवरील (एका वेळच्या भुलेच्या औषधाच्या छोट्या नळीवरील) किंवा बाटलीवरील बारीक अक्षरांत हे नाव छापलेले असते. तुमच्या डॉक्टरांना ते तुमच्यासमोर वाचायला सांगण्यात संकोच बाळगू नका. त्याची मात्रा अगदी थोडी असते आणि सल्फाइटचा त्रास असलेल्या अनेकांना या इंजेक्शनाने काहीही होत नाही, हेही खरे आहे. परंतु दम्यासाठी वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत असतील, किंवा बेदाण्या-वाइनने कधी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली असेल, तर जोखीम न घेणे मी पसंत करीन.

पर्याय आहेत. ॲड्रेनॅलिनविरहित लिग्नोकेन किंवा ३ टक्के मेपिव्हाकेन यांत सल्फाइट नसते. त्याची किंमत मात्र मोजावी लागते : भूल लवकर उतरते आणि जखमेत रक्त अधिक दिसते. आडव्या अक्कलदाढेच्या कामात हाड थोडे कोरावे लागते, दाढेचे तुकडे करावे लागतात, आणि त्या मधल्या टप्प्यावर भूल उतरली तर रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही परीक्षा होते. म्हणून दीर्घकाळ टिकणारे साधे ब्युपिव्हाकेन वापरणे, किंवा भूलतज्ज्ञ उपस्थित असतील अशा रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करणे, यांचा विचार आधीच करून ठेवावा. तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्यांमध्ये पुष्कळदा मिथाइलपॅराबेन हे आणखी एक परिरक्षक असते. त्याची ॲलर्जी वेगळी असते. शंका असेल तेथे एका वेळी वापरून टाकायचे कार्ट्रिज बरे.

खरे सांगायचे तर चिरंजीवांच्या बाबतीत मला सल्फाइटपेक्षा दम्याची काळजी अधिक वाटते. शस्त्रक्रियेची तारीख धुरीच्या हंगामात घेऊ नका. आदल्या आठवड्यात रात्री खोकला किंवा छातीत घरघर असेल तर तारीख पुढे ढकला. नेहमीचा पंप खिशात नव्हे, खुर्चीशेजारच्या ट्रेमध्ये काढून ठेवायला सांगा. पूर्वी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यावर धाप लागली होती का, हे आठवून पाहा. काही दमेकऱ्यांना या वेदनाशामकांनी गंभीर झटका येतो, आणि दाढ काढल्यानंतर नेमकी हीच गोळी लिहून दिली जाते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांनाही ठाऊक असावी. जीवघेणी ॲलर्जी उद्भवली तर मांडीत देण्याच्या ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनातही सल्फाइट असू शकते. तरीही ते द्यायचेच असते. त्या क्षणी सल्फाइटचा विचार करून हात आखडता घेणे जिवावर बेतू शकते.

चुकीच्या नोंदीच्या जागी काय लिहावे? ‘ॲलर्जी’ हा एक शब्द लिहून भागत नाही. कोणता पदार्थ, किती खाल्ला, किती मिनिटांत काय झाले, कशाने उतरले, त्यानंतर तो पदार्थ पुन्हा खाल्ला का, एवढे चार ओळींत लिहावे. तुमच्या पत्रात हे जवळजवळ सगळे आहे. त्याचीच प्रत जोडली तरी चालेल.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. केळे, पपई आणि अलीकडे किवी खाल्ले की टाळूला व घशाला खाज सुटते. पिकलेल्या केळ्याचे शिकरण खाल्ले की ओठ सुजतात, पण कच्च्या केळ्याची भाजी चालते. मला दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायची दातांची कृत्रिम मुळे) बसवायचे आहेत. फळांचा त्याच्याशी संबंध आहे का?
— सिडको, नाशिक

उत्तर : फळांचा इम्प्लांटशी संबंध नाही, डॉक्टरांच्या हातमोज्यांशी असू शकतो. रबराच्या झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या लेटेक्समधील काही प्रथिने आणि केळे, किवी, ॲव्होकॅडो, पपई यांसारख्या फळांतील काही प्रथिने यांची ठेवण इतकी सारखी असते की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यात गफलत करते. लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या लोकांना अशा एखाद्या फळाचा त्रास होतो. उलट दिशेने हे प्रमाण बरेच कमी आहे. म्हणजे केळ्याने खाज सुटणाऱ्या प्रत्येकाला लेटेक्स बाधतेच असे नाही. परंतु तुमची सारी नोकरी रबरी हातमोजे घालण्यात गेली आहे, आणि ज्यांचा लेटेक्सशी दीर्घकाळ संबंध येतो त्यांच्यात ही ॲलर्जी अधिक आढळते. यातील काही प्रथिने उष्णतेने निष्प्रभ होतात. कच्च्या केळ्याची शिजवलेली भाजी तुम्हाला चालते, याचा उलगडा त्यावरून होऊ शकतो.

नोकरीच्या काळात हातमोज्यांनी हात खाजत होते का, नातवंडांच्या वाढदिवसाला फुगे फुगवताना ओठ चुरचुरले का, हे आठवा आणि ॲलर्जीतज्ज्ञांकडून लेटेक्सची चाचणी करून घ्या. निदान होईपर्यंत दंतवैद्यांनी तुम्हाला लेटेक्सची ॲलर्जी आहे असे गृहीत धरूनच काम करावे. हातमोजे नायट्राइलचे घेतले की काम झाले, असा समज असतो, तो अपुरा आहे. दाताभोवती ताणून बसवायचे रबरी पडदे, दात घासून चमकवण्याच्या रबरी टोप्या, दंडाला बांधायचा पट्टा, रक्तदाब यंत्राची नळी, ऑक्सिजनचा मास्क, या सर्वांची पाहणी करावी लागते. शक्यतो दिवसातील पहिली वेळ मागून घ्या. पावडर असलेले लेटेक्सचे हातमोजे काढता-घालताना त्या पावडरीबरोबर प्रथिनांचे कणही हवेत मिसळतात आणि दिवसभर खोलीत तरंगत राहतात. अमेरिकेने २०१६ साली असे पावडरयुक्त हातमोजे वैद्यकीय वापरातून काढून टाकण्याचा निर्णय घेतला, त्यामागे हेही एक कारण होते. आपल्याकडे छोट्या दवाखान्यांत ते अजून दिसतात, म्हणून विचारून खात्री करून घेणे इष्ट.

प्रश्न : आम्ही मूळचे मालवणकडचे. मला कोळंबी आणि खेकड्याची जबरदस्त ॲलर्जी आहे. मासळीत आयोडीन असते, म्हणून दाढ काढताना आयोडीनचे औषध मला लावू नये, असे एका नातेवाइकांनी बजावले आहे.
— देवळाली कॅम्प

उत्तर : हा समज जुना आहे आणि डॉक्टर मंडळींमध्येही तो पुष्कळ मुरला आहे, पण त्याला आधार नाही. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी बहुतांशी ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. तुम्ही रोज आयोडीनयुक्त मीठ खाता आणि तुमच्या थायरॉइडचे काम आयोडीनवरच चालते. पोव्हिडोन-आयोडीन लावून पूर्वी त्वचेला त्रास झाला असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा ती स्वतंत्रपणे सांगावी.

तुमच्या डॉक्टरांना विचारण्याजोगी दुसरीच एक वस्तू आहे. रक्त थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही पट्ट्या कायटोसानच्या असतात आणि कायटोसान कोळंबीसारख्या प्राण्यांच्या कवचापासून काढतात. तिच्यातून ॲलर्जी झाल्याचे सहसा आढळत नाही. तरीही साध्या कापसाच्या बोळ्याने आणि टाक्याने काम भागत असताना तुमच्यासारख्यांनी ती पट्टी वापरू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझा नातू सहा वर्षांचा आहे. त्याला दूध आणि अंडे दोन्ही चालत नाही; चमचाभर ताक पोटात गेले तरी अंगभर गांधी उठतात आणि आवाज बसतो. त्याच्या आठ दाढा किडल्या आहेत. त्या पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत दुरुस्त कराव्यात, असे बालदंतवैद्य म्हणतात. भुलेच्या औषधात अंडे असते, असे सुनेने मोबाइलवर वाचले आणि तेव्हापासून घरात कोणी तारीख ठरवायला तयार नाही. पोराला रात्र रात्र झोप नाही.
— एक आजी, सिन्नर

उत्तर : आजी, सूनबाईंनी वाचले ते अर्धे खरे आहे. पूर्ण भुलेसाठी प्रोपोफॉल नावाचे दुधासारखे पांढरे औषध शिरेतून देतात. त्यात सोयाबीनचे तेल आणि अंड्यातील लेसिथिन असते. मात्र हे लेसिथिन अंड्याच्या पिवळ्या बलकातून काढलेले स्निग्ध द्रव्य आहे, आणि अंड्याची ॲलर्जी बहुधा पांढऱ्या भागातील प्रथिनांची असते. औषधाच्या वेष्टनावर काही ठिकाणी अजून इशारा छापलेला असला तरी अंड्याच्या किंवा सोयाबीनच्या ॲलर्जीसाठी प्रोपोफॉल टाळण्याची गरज नाही, असेच ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांचे आजचे मत आहे. ज्या मुलाला अंड्याने प्राणांतिक झटका येऊन गेला असेल, त्याच्या बाबतीत भूलतज्ज्ञ वेगळे औषध निवडू शकतात. तशी औषधे त्यांच्याकडे असतात. म्हणून या कारणासाठी तारीख लांबवू नका. किडलेल्या दाढा आणि रात्रीची जागरणे यांनी मुलाचे अधिक नुकसान होत आहे.

दुधाकडे मात्र अधिक लक्ष द्या, कारण ते अनपेक्षित ठिकाणी भेटते. लहान मुलांच्या दातांवर आवरण बळकट होण्यासाठी लावायच्या काही मलमांत केसिनपासून बनवलेला घटक असतो, आणि केसिन हे दुधाचे मुख्य प्रथिन आहे. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेल्या मुलांना ते मलम लावायचे नसते. साधे फ्लोराइड चालते. बालदंतवैद्यांकडे ही नोंद ठळक अक्षरांत असायला हवी, कारण ते मलम शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर पंधरा दिवसांनी तपासणीला गेल्यावर सहज लावले जाते. दम्याच्या कोरड्या पावडरीच्या काही पंपांत लॅक्टोज असते आणि त्यात दुधाच्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. नातवाला असा पंप चालू असेल तर तेही कळवा. ‘दूध पचत नाही’ असे मोघम सांगू नका. दूध न पचल्याने पोट बिघडते; तुमच्या नातवाचा आवाज बसतो, याचा अर्थ सूज स्वरयंत्रापर्यंत जाते. भूलतज्ज्ञांना हे वाक्य याच शब्दांत सांगा.

शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास अन्न बंद आणि दोन तास पाणीसुद्धा बंद, असा सर्वसाधारण नियम आहे. सोयाबीनचे किंवा बदामाचे दूध पाण्यासारखे पातळ दिसले तरी ते अन्नातच मोडते, हे ध्यानात ठेवा. शुद्धीवर आल्यावर मुलांना आइस्क्रीम देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. वॉर्डातील मावशी प्रेमाने कप पुढे करतील, तेव्हा खाटेजवळ घरातील जाणते माणूस हवे. घरून गार केलेली तांदळाची पेज, नाचणीची पाण्यातली आंबील किंवा शहाळ्याचे पाणी बरोबर न्या. आणि ही शस्त्रक्रिया अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करा. नाशिक सिन्नरहून लांब नाही.

प्रश्न : मी पेठ तालुक्यात जंगलात फिरतीची नोकरी करतो. दोन वर्षांपासून मटण खाल्ले की मध्यरात्री अंगावर पित्त उठते, पोटात मुरडा येतो; एकदा चक्कर येऊन पडलो. कोंबडी आणि मासे चालतात. खालच्या जबड्यात हाडाची पूड भरून इम्प्लांट बसवायचे ठरले आहे.
— एक वाचक, पेठ

उत्तर : आपल्या पत्रात गोचिडीचा उल्लेख नाही, तरी मला तोच प्रश्न पहिल्यांदा विचारावासा वाटतो : गोचीड वारंवार चावते का? काही जातींच्या गोचिडींच्या दंशानंतर शरीर आल्फा-गॅल नावाच्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. ही शर्करा बकरी, गाय, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांच्या मांसात असते; माणसात, कोंबडीत आणि माशांत नसते. अन्नाची नेहमीची ॲलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत दिसते. हिचा त्रास मात्र दोन ते सहा तासांनी, म्हणजे रात्रीचे जेवण असेल तर ऐन झोपेत सुरू होतो, त्यामुळे मटणावर संशयच जात नाही. ही गोष्ट उजेडात आली तीही आडवाटेने : सेटुक्सिमॅब या कर्करोगाच्या औषधाने काही रुग्णांना पहिल्याच मात्रेला तीव्र झटका येत होता, आणि त्यांच्या रक्तात आल्फा-गॅलविरोधी प्रतिपिंडे आधीपासूनच असल्याचे २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे हे निदान क्वचितच होते. तुम्हाला तेच आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. त्यासाठी विशिष्ट रक्ततपासणी असते आणि ती इम्प्लांटपूर्वी करून घ्यावी.

कारण असे की, दातांच्या शस्त्रक्रियेत प्राण्यांपासून मिळवलेले साहित्य आपल्या कल्पनेपेक्षा अधिक असते. दाढ काढल्यावर खड्ड्यात ठेवला जाणारा पांढरा, हलका, चिमटीत दाबला की चप्पट होणारा स्पंजाचा तुकडा पुष्कळदा डुकराच्या जिलेटिनचा असतो. हाडाची पूड गाईच्या हाडाची, तिच्यावरचा कोलॅजनचा पडदा गाईचा किंवा डुकराचा, कॅटगटचा धागा मेंढीच्या किंवा गाईच्या आतड्याचा, आणि प्रतिजैविकाच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते. खाल्लेले मांस पचायला वेळ लागतो. जखमेत ठेवलेल्या वस्तूचा संपर्क थेट आणि दिवसेंदिवस राहतो. यावर उपाय कठीण नाहीत. रक्त थांबवण्यासाठी वनस्पतिजन्य सेल्युलोजची जाळी मिळते. हाडाच्या पुडीऐवजी कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट किंवा तुमच्याच जबड्यातील हाड घेता येते. तुमच्याच रक्तापासून फायब्रिनचा पडदा तयार करता येतो. टाके नायलॉनचे किंवा रेशमाचे घालता येतात. खोक्यावर साहित्याचा उगम लिहिलेला असतो, तो आधी पाहून साहित्य मागवावे लागते, म्हणून हे बोलणे शस्त्रक्रियेच्या सकाळी नव्हे, तर दोन-तीन आठवडे आधी व्हावे. शाकाहारी आणि जैन रुग्णही हाच प्रश्न वेगळ्या कारणाने विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना तितकाच अधिकार आहे.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. चपाती खाऊन मैदानावर धावलो की अंगावर गांधी उठतात; दोनदा भोवळ आली. नुसती चपाती खाल्ली तर काही होत नाही. दाढ काढायची आहे. यात धावण्याचा संबंध नाही, म्हणून हे डॉक्टरांना सांगितले नाही.
— नाशिकरोड

उत्तर : अवश्य सांगा. गव्हातील एका प्रथिनाची अशी ॲलर्जी असते, जी एरवी गप्प राहते आणि गहू पोटात असताना व्यायामाची जोड मिळाली की उफाळते. व्यायामाचे काम ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकेही करू शकतात. दाढ काढल्यावर घरी जाऊन चपाती दुधात कुस्करून खाल्ली आणि वर दुखण्याची गोळी घेतली, तर मैदानावर न जाताही तोच प्रसंग ओढवू शकतो. ॲलर्जीतज्ज्ञांकडून निदान होईपर्यंत शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि दुखण्याची औषधे चालू असेपर्यंत गहू पूर्ण बंद ठेवा. मऊ भात किंवा दुधात भिजवलेली भाकरी खा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, बहुधा चालते. आणि एकट्याने धावायला जाऊ नका.

प्रश्न : लवंग आणि गरम मसाल्याने माझे तोंड सोलवटते. दाढदुखीवर लवंगाचे तेल लावले तेव्हा हिरडी लालबुंद झाली. यात काही विशेष आहे का?
— पंचवटी

उत्तर : आहे. लवंगाच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्यांच्या कपाटात अनेक रूपांत असते : तात्पुरत्या भरणात, दाढ काढल्यावर खड्डा दुखू लागला तर आत ठेवायच्या औषधी पट्टीत, हिरडीवरच्या लेपात. शुद्ध तेलाने कोणाचीही हिरडी पोळू शकते, त्यामुळे तुमची ॲलर्जीच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. पाठीवर पट्टी लावून करायच्या चाचणीत ते कळते. तोवर ‘युजेनॉल नको’ एवढे सांगितले तरी पुरे. त्याविना तयार होणारी सिमेंटे सर्रास मिळतात. दालचिनीच्या स्वादाच्या टूथपेस्टही तूर्त टाळा.

प्रश्न : मी अलीकडेच सातपूरला दवाखाना सुरू केला आहे. विचित्र ॲलर्जीचे रुग्ण सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवावेत, की दवाखान्यात सोय करता येते? काय काय ठेवावे?
— एक तरुण दंतवैद्य

उत्तर : ज्यांना पूर्वी प्राणांतिक झटका आला आहे किंवा ज्यांचा दमा अस्थिर आहे, त्यांना पाठवा. बाकीच्यांना नाकारू नका. तुम्ही नाकारले की पुढच्या दवाखान्यात ते ॲलर्जीच लपवतात.

जीवघेण्या ॲलर्जीच्या झटक्यासाठी कपाटात ॲड्रेनॅलिनच्या १ मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटरच्या ॲम्प्यूल (काचेच्या बंद कुप्या) हव्यात, आणि त्यांच्याच डब्यात १ मिलिलिटरची सिरिंज व स्नायूपर्यंत पोहोचेल अशी सुई. प्रौढांसाठी अर्धा मिलिलिटर, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ०.३ आणि त्याहून लहानांसाठी ०.१५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूस मध्यभागी, स्नायूत. पाच मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा. ही मात्रा कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, कारण त्या वेळी हिशेब सुचत नाही. द्रव तपकिरी झालेला दिसला तर ॲम्प्यूल फेकून द्या. भुलेच्या कार्ट्रिजमध्ये ॲड्रेनॅलिन असतेच, या भरवशावर राहू नका. १:८०,००० च्या १.८ मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये ते इतके विरळ असते की अर्धा मिलिग्रॅम भरायला २२ हून अधिक कार्ट्रिजे लागतील. ॲलर्जीविरोधी फेनिरामिन आणि स्टेरॉइड हायड्रोकॉर्टिझोन यांच्याकडे आपला हात सवयीने आधी जातो. ती नंतरची औषधे आहेत. रुग्णाला आडवे करून पाय उंच करा, ऑक्सिजन लावा, १०८ ला फोन करा. धाप असेल तर बसू द्या, पण उभे करून चालवत रिक्षापर्यंत नेऊ नका. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास देखरेख हवी, कारण दुसरा झटका उशिरा येऊ शकतो. पहिल्या तास-दोन तासांत रक्तातील ट्रिप्टेजचा (ॲलर्जीच्या झटक्यात वाढणाऱ्या द्रव्याचा) नमुना घेतला, तर तो प्रसंग खरोखर ॲलर्जीचा होता का, हे पुढे ठरवता येते.

इंजेक्शनानंतर पांढरा पडलेला, घामाने भिजलेला, नाडी मंद झालेला आणि आडवे करताच सावरणारा रुग्ण बहुधा भीतीने भोवळलेला असतो. त्याच्या कागदावर ‘लिग्नोकेनची ॲलर्जी’ लिहून त्याला जन्मभर अडकवू नका; ती खरोखर दुर्मीळ आहे. याउलट माउथवॉशमधील ज्या क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाला आपण पाण्यासारखे वापरतो, त्याने दाढेचा खड्डा धुतल्यावर ब्रिटनमध्ये २००९ आणि २०११ साली दोन रुग्ण दगावले आहेत. माउथवॉशने कधी ओठ सुजले किंवा अंगावर पित्त उठले का, हा प्रश्न तुमच्या तपासणी-पत्रकात नसेल तर उद्या सकाळी तो घाला, आणि ज्याचे उत्तर ‘हो’ येईल त्याचा खड्डा साध्या सलाइनने धुवा.